आधी घरातलं बंद करा

आमच्या दाजींना खुर्चीत नीट बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. ते नुसते टेकतात. टेकले की त्यांचा उजवा गुडघा हलायला लागतो, आणि तो हलताना दिसला की माझं डोकं फिरतं. लग्नाच्या फोटोत सगळे स्पष्ट आलेत, यांचा तेवढा एक पाय पुसट आलाय. ताईला मी तेव्हाच म्हटलं होतं, "बघ बाई, पायाला भिंगरी लावलेला माणूस पत्करतेयस." ती म्हणाली, "असू दे. घरात पंखा नको लागायला."

ताई माझी थोरली बहीण आणि दाजी तिचे यजमान. मी स्वतः लोकांचे कपडे उसवून पुन्हा मापात बसवायचं काम करते. दिवसभर एका जागी बसून असते, म्हणून हलणाऱ्या माणसांचा मला राग येत असेल. दाजींची नोकरी मात्र त्यांना शोभेल अशीच. बिनतारी खात्यात हवेतली खरखर शोधून काढायची. कुणाच्या रेडिओत घुरघुर येते, कुणाच्या टीव्हीवर पट्टे उमटतात, टॅक्सीवाल्यांच्या वायरलेसवर शिट्टी वाजते. तक्रार आली की दाजी माशाच्या सांगाड्यासारखी दिसणारी एक अँटेना हातात धरून निघतात. तिला जोडलेलं यंत्र गळ्यात. त्या यंत्रावर एक काटा असतो. खरखर ज्या दिशेने येत असेल तिकडे अँटेना वळली की काटा उठतो, दुसरीकडे वळली की पडतो. काटा उठेल तिकडे चालत राहायचं, एवढंच काम. सगळ्या भागात त्यांना 'खरखरवाले' म्हणतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही.

दाजींच्या मते जगात दोनच गोष्टी भरल्या आहेत: लहरी, आणि त्या न कळणारी माणसं. दिव्याचा प्रकाश, शेगडीची धग, रिमोटमधून निघणारा न दिसणारा उजेड, मोबाइलमधून येणारा आवाज, हाडांचा फोटो काढणारे किरण, हे सगळं एकाच घराण्यातलं, असं ते जेवता जेवता सांगायचे. कुणाची लहर खोलीपेक्षा लांब, कुणाची इतकी तोकडी की डोळ्याला दिसावी, आणि कुणाची त्याहून तोकडी की मांसातून आरपार जावी. पण धावायला सगळ्या सारख्याच. ना तार लागते, ना हवा. "हवा लागत असती तर सूर्याची ऊब इथवर पोचली असती का?" असं विचारून ते चमचा हवेतच धरून ठेवायचे. ताई म्हणायची, "सूर्य पोचला ना? आता चमचा तोंडापर्यंत पोचू द्या."

त्यांच्या कामाचा एक नियम होता. तक्रार करणाऱ्याच्या दारात पाऊल ठेवलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी घरातलं सगळं बंद करा." लोक चिडायचे. आमच्या टीव्हीवर पट्टे येतात आणि आमचंच बंद करा म्हणजे काय? दाजी ऐकायचे नाहीत. मेन स्विच खाली ओढायचे आणि आपलं यंत्र लावून अंधारात उभे राहायचे. अर्ध्याअधिक वेळा खरखर तिथेच थांबायची. एका वकिलाने शेजाऱ्यावर दावा लावायची तयारी केली होती, आणि खरखर निघाली त्याच्याच माशांच्या टाकीतल्या हीटरमधून. ही गोष्ट ताईच्या फार आवडीची. पाहुणे आले की ती दाजींना ती सांगायला लावायची आणि वकिलाच्या चेहऱ्याची नक्कल स्वतः करायची.

ताई पोहायच्या तलावावर तिकीटखिडकीत बसायची. तिथल्या ओलीमुळे म्हणा किंवा रक्तच थंड म्हणून म्हणा, तिचे हात कायम गार. दाजींनी दोन हिवाळ्यांपूर्वी तिच्यासाठी एक ऊबपिशवी केली होती. आत चार्ज होणारी बॅटरी, तापणारी तार आणि बॅटरीचा जोर वाढवणारी छोटीशी पट्टी. वरची लोकरी खोळ मी शिवली, एका उसवलेल्या कोटाच्या कापडाची. आम्हा दोघांनी मिळून केलेली ती एकच चांगली वस्तू.

मग एका संध्याकाळी ताई तिकीटखिडकीतच कोसळली. कपाळ काचेवर आदळलं. काच वाचली, कपाळाला टाके पडले. आठवड्याच्या आत पुन्हा दोनदा तिच्या डोळ्यांपुढे अंधार आला, दोन्ही वेळा संध्याकाळी, घास गिळताना. शेवटी तिला इस्पितळात भरती केलं.

हृदयाच्या डॉक्टरीणबाई थोडं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सांगितलं, "दोन शक्यता आहेत. एकतर हिचं हृदय मध्येच थांबतंय, किंवा दोष डोक्यात आहे. दोन्हींचे उपाय वेगळे. हिला अंधारी येते त्या क्षणाची हृदयाची रेघ, म्हणजे ईसीजी, मला हवी. रेघ मिळाल्याशिवाय मी छातीला हात लावणार नाही."

रेघ मिळवायची म्हणून ताईच्या छातीवर एक डबी अडकवली. डबीतून लहरी निघायच्या, उशाच्या भिंतीवरची बोटभर अँटेना त्या पकडायची, आणि नर्सच्या टेबलावरच्या पडद्यावर ताईचं हृदय हिरव्या रेघेत चालताना दिसायचं. तारेने जोडायची यंत्रं अतिदक्षता विभागात होती आणि तिथे खाट रिकामी नव्हती. दाजींना डबी बघून आनंदच झाला. "बघ, तुझं हृदय रेडिओवर लागलं," ते ताईला म्हणाले. गुडघा हलतच होता.

दिवसभर रेघ छान चालायची. संध्याकाळी भेटीची वेळ व्हायची, जेवणाची गाडी यायची, दाजी कामावरून थेट यायचे, आणि रेघ मोडायची. पडद्यावर वाकड्यातिकड्या रेघांचं नुसतं गवत उगवायचं. पहिल्या संध्याकाळी मोठ्या सिस्टर, म्हणजे वॉर्डच्या मुख्य परिचारिका, टेबलावरून ओरडल्या, "सगळ्यांचे मोबाइल बंद!" सगळ्यांनी बंद केले. फरक पडला नाही. त्याच गोंधळात ताई म्हणाली, "मला अंधारी आली गं," आणि तिची मान कलली. तिला आडवी केली, थोड्या वेळात ती शुद्धीवर आली. पडद्यावर मात्र त्या वेळचं गवतच.

डॉक्टरीणबाई आल्या, पडदा बघितला आणि हताश झाल्या. "नेमकी हीच वेळ गेली," त्या म्हणाल्या.

दाजींचा चेहरा मी विसरणार नाही. आयुष्यभर जी वस्तू लोकांच्या घरांतून हुडकून काढली ती बायकोच्या उशाशी येऊन बसली होती. ते मला म्हणाले, "उद्या यंत्र घेऊन येतो. कोण आहे तो बघतोच." जसा काही कुणी माणूसच होता.

दुसऱ्या संध्याकाळी ते आले. कोटाच्या आतल्या खिशातून ऊबपिशवी काढून त्यांनी ताईच्या हातात दिली. वाटेतच सुरू करून आणायचे, म्हणजे तिच्या हाती पडेपर्यंत गरम व्हायची. ताईने ती मांडीवर धरली. दाजी खाटेशी टेकले, गुडघा सुरू झाला, आणि टेबलावरून हाक आली, "गेली! परत गेली रेघ!"

दाजी उडालेच. मोठ्या सिस्टर धावत आल्या, ताईची डबी तपासायला तिच्या मांडीवरचं सगळं बाजूला करू लागल्या. ताईने पिशवी दाजींच्या हातात कोंबली, "हे घ्या, पडेल कुठेतरी." दाजींनी ती खिशात टाकली, अँटेनेचा सांगाडा उचलला, यंत्र गळ्यात अडकवलं आणि मला म्हणाले, "हत्यारांची पिशवी घे. चल."

मी काय करणार, चालले. खरं सांगायचं तर मला बसवतही नव्हतं. ताईला पुन्हा अंधारी येईल आणि पुन्हा रेघ नसेल, हेच सारखं डोळ्यांपुढे येत होतं.

आम्ही वॉर्डाबाहेर पडलो. दाजींनी अँटेना जिन्याकडे धरली. काटा शेवटपर्यंत उठलेला. खिडकीकडे धरली. काटा तिथेच. ते जागच्या जागी गोल फिरले. काटा हलेना. "सगळीकडून येतंय," ते म्हणाले. "असं कसं? सगळीकडून कसं येईल?"

तिथून जी धावपळ सुरू झाली ती विचारू नका. आधी वॉर्डाच्या स्वयंपाकघरात. तिथे एक बाई मायक्रोवेव्हमध्ये रुग्णांचं सूप गरम करत होती. दाजींनी तिला दारापासून बाजूला केलं आणि काचेवरची जाळी तपासली. त्या जाळीच्या भोकांतून उजेड बाहेर येतो, पण आतली लहर सहा बोटं लांब, ती त्या भोकांत मावत नाही, असं त्यांनी तिला सांगितलं. जाळी फाटली असती तर गोष्ट वेगळी. जाळी धड होती. "मग सूप घेऊ का?" बाईने विचारलं. मग आम्ही दाराशी गेलो, माणूस जवळ आला की आपोआप उघडणाऱ्या दाराशी. दाजींनी वरचा डोळा झाकला, दार उघडेना, आत येणारी माणसं काचेवर टकटक करू लागली, काटा ढिम्म. मग तळघरात, हाडांचे फोटो काढतात तिथे. शिशाचा जड एप्रन अंगावर घातलेला तंत्रज्ञ म्हणाला, "आमचं मघाशीच बंद झालंय." काटा तरीही शेवटाला.

आणि गंमत म्हणजे, इतका सगळा वेळ वर रेघ व्यवस्थित चालली होती. मी मध्येच फोन करून विचारलं तर मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही गेलात आणि लगेच आली की." दाजी म्हणाले, "चालूबंद होणारा आहे. हुशार आहे." आम्ही घामाघूम होऊन परत वॉर्डात शिरलो, दाजी ताईच्या उशाशी गेले, आणि रेघ गेली.

"आला परत!" दाजी ओरडले आणि पुन्हा बाहेर पळाले.

या वेळी लिफ्टमध्ये. दार बंद झालं. चहूबाजूंनी पोलाद. माझ्या मोबाइलवरच्या सिग्नलच्या रेघा एकेक करून गेल्या, कारण धातूच्या बंद पेटीत बाहेरच्या लहरी शिरत नाहीत. हे सुद्धा मी दाजींच्याच जेवणाच्या टेबलावर शिकलेली. दाजींनी यंत्राकडे बघितलं. काटा होता तिथेच, शेवटाला. त्यांचे डोळे चमकले. "सापडला," ते म्हणाले. "बाहेर असता तर इथे मेला असता. इथे जिवंत आहे, म्हणजे इथलाच आहे. लिफ्टच!"

मला पटलं. का पटू नये? माणूस जन्मभर तेच करत आलेला. त्यांनी खात्याचं ओळखपत्र दाखवलं, व्यवस्थापकाशी वाद घातला, आणि दुसऱ्या दिवशी लिफ्ट बंद ठेवायला लावली. खाटेवरचे रुग्ण जिन्याने उचलून न्यावे लागले. गुडघे दुखणाऱ्या एका म्हातारबुवांनी दर मजल्यावर थांबून ज्याने हे केलं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी खाली मान घालून त्यांच्या बाजूने चढत होते.

तिसरी संध्याकाळ. डॉक्टरीणबाईंनी सकाळीच सांगितलं होतं, "उद्या खाट सोडावी लागेल. बाहेर रांग आहे. रेघ नाही मिळाली तर मी यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवते, त्यांची तारीख मिळेल तेव्हा." मिळेल तेव्हा! आणि तोवर ही बाई घरात एकटी जिना चढणार, रस्ता ओलांडणार, उकळतं पाणी गाळणार. मला भीती वाटत होती. सरळ सांगते, मला माझी बहीण मेलेली दिसत होती.

दाजी आले. लिफ्ट बंद, जिना चढून आले, धापा टाकत. चेहऱ्यावर मात्र विजय. पिशवी ताईच्या हातात दिली, टेकले. "आज बघ कशी चालते रेघ," म्हणाले.

टेबलावरून आवाज आला, "गेली."

ओरडून नाही, दमून. मोठ्या सिस्टर आता ओरडतही नव्हत्या. दारात लिफ्टचा मेकॅनिक उभा होता, तेलकट हात पुसत. तो म्हणाला, "साहेब, माझी लिफ्ट सकाळपासून मेलेली आहे. तिच्यावर आता आणखी काय आळ घालायचा?" वॉर्डातला कुणीतरी हसला. दाजी लालबुंद झाले. सांगाडा उचलून पुन्हा निघालेच होते. समोरच्या दुकानाची चमकती पाटी, ती असणार, ते म्हणत होते; तिला खाली ओढतो; मोबाइलचा टॉवर असेल, खात्याला सांगून...

"अहो," ताई म्हणाली.

ती उशीला टेकून बसली होती. समोर जेवणाचं ताट, त्याला अजून हात लावला नव्हता. मांडीवर पिशवी, तिच्यावर दोन्ही हात.

"मला एक सांगा. तुम्ही लोकांच्या दारात गेलात की आधी काय म्हणता?"

"आत्ता कशाला ते?"

"सांगा की."

"आधी घरातलं सगळं बंद करा."

"मग आपलं केलंत का?"

दाजी उभे राहिले. सांगाडा हातात तसाच. "आपलं काय? आपलं इथे काय आहे?" ते म्हणाले. पण आवाज बदललेला होता. मी माझा मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरून पूर्ण बंद केला. ताईने उशाशी ठेवलेला दिवा बंद केला. टेबलावरून सिस्टर म्हणाल्या, "काही नाही, गवतच आहे." दाजींनी स्वतःचं घड्याळ काढलं. मग गळ्यातलं यंत्र बंद केलं. "गवत."

मग त्यांची नजर ताईच्या मांडीवर गेली आणि तिथेच राहिली.

"लिफ्टमध्ये," ते हळूच म्हणाले, आम्हाला नव्हे, स्वतःलाच. "लोखंडी पेटीत. बाहेरचं आत येत नाही. म्हणजे ते माझ्याबरोबर आत आलं होतं."

त्यांनी वाकून पिशवीच्या खोळीत बोट घातलं आणि बटण दाबलं.

"आली!" मोठ्या सिस्टर खुर्चीतून उठल्या. "आली, आली! एकदम स्वच्छ!"

मग दाजींनी सांगितलं, तेही खाली बघून. ताईला भरती केलं त्याच दिवशी पिशवीतली जोर वाढवणारी पट्टी जळाली होती. त्यांची स्वतःची पट्टी होती ती, तांब्याच्या पत्र्यात नीट गुंडाळलेली, तपासून घेतलेली. ताई म्हणत होती हात गार पडलेत. मग त्यांनी बाजारातून पहिली दिसली ती तयार पट्टी आणून घाईघाईत जोडली. पत्रा नाही, तपासणी नाही. तीच क्षणाक्षणाला हजारो वेळा चालूबंद होत होती आणि प्रत्येक वेळी हवेत खरखर सोडत होती. ताईच्या डबीचा आवाज म्हणजे कुजबुज. तिच्या शेजारीच कुणी ताटं वाजवत बसलं होतं. आणि पिशवी खिशात असली की यंत्राला दिशा कुठली मिळणार? दाजी जिकडे तोंड करतील तिकडे ती बरोबर.

"सगळ्या शहराला अंधारात उभं केलंत," मी म्हणाले. "काखेत कळसा, गावाला वळसा!" माझा राग मला आवरत नव्हता, दोन संध्याकाळी गेल्या होत्या, दोन्ही या माणसाच्या खिशात. पुढचंही तोंडावर आलं होतं, पण त्यांच्याकडे बघितलं आणि गिळलं. ते सांगाडा भिंतीला टेकवायला बघत होते आणि तो टेकत नव्हता.

ताई मात्र हसली. कपाळाचे टाके ओढले गेले इतकं हसली. "तो वकील असाच उभा होता ना हो? असाच?" म्हणाली. मग हात पुढे केले. "पिशवी न्या. पण माझे हात गार पडलेत, त्याचं काय?"

दाजी खाटेच्या कडेवर बसले. पहिल्यांदा टेकले नाहीत, बसले. तिचे दोन्ही हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतले. मी चमच्याने ताईला भरवायला लागले. एक घास. दुसरा घास. सगळा वॉर्ड पडद्याकडे बघत होता, मेकॅनिकही आत येऊन उभा राहिला होता. हिरवी रेघ आपली टेकड्या काढत चालली होती.

तिसरा घास गिळताना ताईची नजर एकदम कुठेच नाहीशी झाली. मान कलली.

"सपाट!" सिस्टर म्हणाल्या आणि धावल्या.

मी पडद्याकडे बघितलं. एकही टेकडी नव्हती. सरळ रेघ, टाक्याशिवायच्या दोऱ्यासारखी. माझ्या हातातून चमचा पडला. कुणीतरी घंटा दाबली, डॉक्टरीणबाई दारातून आत शिरल्या, दोन परिचारिका काहीतरी ढकलत आल्या, मला कुणीतरी मागे खेचलं. दाजींना मागे व्हायला सांगितलं. ते हलले नाहीत. ताईचे हात त्यांच्या हातांत तसेच होते. मग रेघेवर एक टेकडी आली. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरी. मग तिसरी, चौथी, आणि चालू झाल्या.

ताईने डोळे उघडले. "ताट सांडलं का?" तिने विचारलं.

डॉक्टरीणबाई टेबलापाशी गेल्या. यंत्रातून कागदाची पट्टी बाहेर आली, त्या ती हातांतून सरकवत राहिल्या आणि मधल्या सपाट जागेवर थांबल्या. "हृदयच आहे," त्या म्हणाल्या. त्या कधी हसत नाहीत, तेव्हाही हसल्या नाहीत, पण दाजींच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. "आता मला शंका नाही. उद्याच पेसमेकर बसवते. घरी गेली असती तर..."

सगळे पांगल्यावर ताई म्हणाली, "किती वेळ थांबलं होतं हो माझं?"

दाजी म्हणजे भात किती वेळात शिजला हे घड्याळ लावून सांगणारा माणूस. ते म्हणाले, "मोजलं नाही."

"तुम्ही? मोजलं नाही?"

"हात धरले होते," ते म्हणाले. आणि रडले. भर वॉर्डात, मेकॅनिकसमोर. मग मेकॅनिकच म्हणाला, "साहेब, आता माझी लिफ्ट चालू करू ना?"

ताईचा पेसमेकर आता तिच्या खांद्याखाली आहे. दर काही महिन्यांनी डॉक्टरीणबाई त्यावर एक चपटी वस्तू धरतात आणि तो बिनतारी सगळं सांगून टाकतो, किती वेळा हृदय अडखळलं, किती वेळा त्याने ढकललं. दाजी शेजारी उभे राहून ऐकतात. माझ्या मते त्यांना थोडा हेवा वाटतो. कामावरही त्यांच्यात बदल झालाय. तक्रार करणाऱ्याच्या घरी गेले की आधी स्वतःचे खिसे टेबलावर रिकामे करतात, किल्ल्या, मोबाइल, पेन, सगळं. लोकांना वाटतं माणूस पैसे द्यायला आलाय. मग ते म्हणतात, "आता घरातलं बंद करा."

पिशवी त्यांनी पुन्हा केली. तांब्याची डबी, सगळीकडून डाग देऊन बंद केलेली. प्रत्येक यंत्र लावून तपासली, चकार आवाज नाही. मी नवी खोळ शिवून दिली. ती कपाटाच्या खणात पडून आहे, ताई कधी काढतच नाही. संध्याकाळी जेवण झालं की ती खुर्ची सरकवून दाजींच्या जवळ बसते आणि गार हात त्यांच्यापुढे धरते. दाजी ते हातांत घेतात. मी समोर बसून बघते, कारण मला अजूनही खात्री करून घ्यावीशी वाटते. तेवढा वेळ त्यांचा गुडघा हलत नाही.